पोलीस कर्मचाऱ्यांच्या सेवा नोंदींची गोपनीयता : बेळगाव सीमाभागातील नव्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी घरांमधून जी मुले-मुली कर्नाटक पोलीस खात्यात भरती होतात, त्यांना प्रशिक्षणात कायद्याची कलमे, परेड आणि शस्त्रे यांची ओळख करून दिली जाते. पण स्वतःच्या नावाची जी फाइल कार्यालयात उघडली जाते, तिच्याविषयी त्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. तीच गोष्ट पोलीस कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकांची. एसडीए (द्वितीय श्रेणी सहायक) किंवा एफडीए (प्रथम श्रेणी सहायक) म्हणून आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागात, बसताच शेकडो माणसांची सेवा पुस्तके त्यांच्या हाती येतात आणि त्यांतले काय कोणाला दाखवायचे, हे ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारून शिकतात. हा लेख या दोघांसाठी आहे.

या विषयात दोन चुका एकमेकींच्या सोबतीने होतात. जी माहिती बाहेर जायला नको, ती ओळखीपाळखीने जाते; आणि जी माहिती संबंधित कर्मचाऱ्याला मिळायलाच हवी, ती ‘कॉन्फिडेन्शियल आहे’ असे सांगून त्यालाच नाकारली जाते. गोपनीयता ही ज्याच्याविषयीची नोंद आहे त्या माणसाच्या रक्षणासाठी असते, त्याला अंधारात ठेवण्यासाठी नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या बहुतेक पायऱ्या आपोआप समजतात.

पहिली पायरी : आपली फाइल कोठे आहे आणि तिच्यात काय आहे, ते समजून घ्या

बेळगावात पोलिसांची कार्यालये एकाहून अधिक आहेत आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो. ग्रामीण भागातील ठाण्यांचा कारभार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे बोलीत ज्याला डीपीओ म्हणतात त्या कार्यालयाकडे असतो. शहरासाठी २०१४ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. मच्छे येथील राज्य राखीव पोलीस दलाच्या दुसऱ्या बटालियनचे कार्यालय आणखी वेगळे. तुमची नेमणूक ज्या घटकात झाली, त्या घटकाच्या कार्यालयात तुमचे सेवा पुस्तक असते. ज्या ठाण्यात तुम्ही हजेरी लावता तेथे ते नसते. त्यामुळे ठाण्याच्या रायटरने (ठाण्यातले लेखी काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने) ‘तुझी सगळी कागदपत्रे माझ्याकडे आहेत’ असे म्हटले, तर ती बहुधा रजेची, ड्यूटीची आणि मेमोची स्थानिक नोंद असते.

सेवा पुस्तकाच्या पहिल्या पानांवर नाव, वडिलांचे नाव, कायमचा पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, उंची, ओळखीच्या खुणा, छायाचित्र आणि बोटांचे ठसे असतात. त्यापुढे नेमणूक, वेतनवाढ, बदली, बढती, रजा, शिक्षा आणि बक्षिसे यांच्या नोंदी तारीखवार चढत जातात. सेवा पुस्तकाशेजारी वैयक्तिक फाइल असते, तिच्यात जातीच्या व शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती, वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणीचा अहवाल, वारसाचे नामनिर्देशन आणि दरवर्षी भरावे लागणारे मालमत्तेचे विवरण असते. चौकशी झाली असेल तर तिची फाइल स्वतंत्र असते, आणि ज्या पदांना वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल लागू आहे, त्यांचे अहवालही वेगळे सांभाळले जातात. पगाराची माहिती एचआरएमएस या संगणक प्रणालीत असते आणि तेथे तुमची ओळख केजीआयडी क्रमांकाने होते.

चारित्र्य पडताळणीच्या अहवालाबद्दल येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सीमाभागात त्याला वेगळे वजन आहे. सीमाप्रश्नाच्या आंदोलनांत अनेक गावांतील माणसांवर गुन्हे दाखल झाले होते आणि काही घरांत ते आजोबांच्या, काकांच्या किंवा स्वतः उमेदवाराच्या नावावरही आहेत. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीसाठी भरून घेतल्या जाणाऱ्या ॲटेस्टेशन फॉर्ममध्ये) स्वतःविरुद्धच्या गुन्ह्यांविषयी जे विचारले असेल, त्याचे खरे उत्तर द्यावे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २१ जुलै २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, माहिती दडवणे हे नेमणूक रद्द करण्याचे कारण ठरू शकते, मात्र किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात नियोक्त्याला तारतम्य वापरून ते माफ करता येते. खरे सांगितलेल्या उमेदवाराची बाजू नेहमीच अधिक भक्कम असते. दुसऱ्या बाजूने, त्या अहवालात आलेली घरच्यांविषयीची माहिती केवळ नेमणुकीच्या निर्णयासाठी गोळा केलेली असते. ठाण्यातल्या सहकाऱ्यांनी तिच्यावर चर्चा करावी यासाठी नाही. लिपिकाने हा अहवाल फाइलमध्ये मोकळा ठेवू नये, बंद लखोट्यात ठेवावा.

दुसरी पायरी : पहिल्या तीन वर्षांत आपल्या नोंदी स्वतः वाचा

आपले सेवा पुस्तक पाहण्याची विनंती करण्यात काही गैर नाही आणि ती लेखी करावी. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यांनी हे आवर्जून करावे. दाखला मराठीत, अर्ज इंग्रजीत आणि सेवा पुस्तकातील नोंद कन्नडमध्ये, अशा तीन लिप्यांतून नाव जाते तेव्हा वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ, आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव मधे आहे की नाही, असे फरक सहज पडतात. तरुणपणी ते बिनमहत्त्वाचे वाटतात. निवृत्तिवेतनाचे कागद तयार होताना किंवा वारसाला रक्कम देताना तेच अडथळा होऊन उभे राहतात. कन्नड वाचता येत नसेल तर ती पाने विश्वासू सहकाऱ्याकडून कार्यालयातच वाचून घ्यावीत; मोबाइलवर फोटो काढून गावातल्या ओळखीच्या माणसाला पाठवू नयेत.

जन्मतारखेच्या बाबतीत तर कायद्यानेच मुदत घातली आहे. कर्नाटक राज्य सेवक (वय निश्चिती) कायदा, १९७४ प्रमाणे सेवा नोंदवहीत जन्मतारीख स्वीकारून नोंदवली गेल्यापासून तीन वर्षांच्या आत दुरुस्तीचा अर्ज केला नाही, तर कर्मचाऱ्याच्या फायद्याची दुरुस्ती पुढे मिळत नाही. निवृत्ती जवळ आल्यावर धावपळ करणाऱ्यांची निराशा होते ती याच तरतुदीमुळे.

तिसरी पायरी : उघडे काय आणि झाकलेले काय, याची मनात स्पष्ट विभागणी करा

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका, तसेच त्यांना मिळणारे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. म्हणून एखादा पोलीस कोणत्या पदावर आहे, कोणत्या कार्यालयात आहे आणि त्याचे वेतन किती, हे गुपित नाही. पण त्याच पगारपत्रकातील कपाती, सोसायटीचे कर्ज, न्यायालयाच्या आदेशाने पत्नीला जाणारी रक्कम, विम्याचा वारस, हे त्याचे खासगी आहे. एकाच कागदावर उघडी आणि झाकलेली अशी दोन्ही प्रकारची माहिती असते, हे येथे दिसते. म्हणूनच अख्खा कागद देणे किंवा अख्खा कागद नाकारणे, ही दोन्ही उत्तरे बहुधा चुकीची असतात.

मेमो, कारणे दाखवा नोटिसा, ठपका, शिक्षा, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रे यांविषयी गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी निर्णय दिला की, ही माहिती मुख्यतः कर्मचारी आणि मालक यांच्यातील बाब आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती त्रयस्थाला देता येत नाही. सुभाषचंद्र अगरवाल प्रकरणात १३ नोव्हेंबर २०१९ रोजी घटनापीठाने शैक्षणिक पात्रता, कामगिरी, मूल्यमापन अहवाल, शिस्तभंगाची कार्यवाही आणि वैद्यकीय नोंदी यांची गणना वैयक्तिक माहितीतच केली. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले होते. त्या प्रकरणातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. गणवेश घातला म्हणून हा हक्क संपत नाही.

यानंतर कायद्याचा मजकूरही बदलला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये दुरुस्ती केली आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी त्या कलमात सार्वजनिक कार्याशी संबंध आहे का, खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते का, असे निकष होते. आता वैयक्तिक माहिती एवढेच शब्द उरले आहेत. नव्या लिपिकाला यावरून असे वाटू शकते की यापुढे काहीच द्यायचे नाही. ते बरोबर नाही. कलम ८(२) जसेच्या तसे आहे आणि उघड करण्यातील जनहित हे संरक्षित हितापेक्षा मोठे असेल, तर माहिती देता येते. कोठडीतील मारहाण, पैशांची मागणी किंवा खोट्या गुन्ह्यात गोवणे अशा तक्रारींवर खात्याने काय केले, हे विचारणाऱ्या नागरिकाला केवळ ‘वैयक्तिक’ या शब्दाने परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. पोलिसाची आजारपणाची फाइल आणि पोलिसाने अधिकाराचा केलेला गैरवापर, या दोन गोष्टी एकाच कपाटात असल्या तरी एकाच मोजमापाच्या नाहीत.

काही नोंदींना मात्र वेगळ्या कायद्यांनी अधिक कडक संरक्षण दिले आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ सांगते की, माहिती अधिकार कायद्यात काहीही असले तरी तक्रारीचा मजकूर, तक्रारदार महिला, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीची कार्यवाही आणि समितीच्या शिफारशी प्रसिद्ध करता येत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचारांविषयीची गुप्तता हक्क म्हणून दिली आहे, तर एचआयव्ही बाधितांविषयीच्या २०१७ च्या कायद्यानेही संमतीविना ती स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. या तिन्ही प्रकारांच्या कागदांसाठी स्वतंत्र बंद लखोटा, स्वतंत्र नोंद आणि तो कोणी कधी उघडला याची सही, एवढी व्यवस्था प्रत्येक कार्यालयात असायला हवी.

पत्त्याचा विचारही निराळा करावा लागतो. कणकुंबी किंवा कोगनोळी नाक्यावर वाहने अडवणाऱ्या शिपायाचे घर कोठे आहे, त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, हे चुकीच्या हाती पडले तर त्याच्या जिवाशी खेळ होतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जी) कोणाच्या जिवाला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होईल अशी माहिती नाकारण्याची मुभा देते, ती अशा प्रसंगांसाठी.

चौथी पायरी : तोंडी विचारणा करणाऱ्याला काय सांगायचे, ते आधीच ठरवून ठेवा

गुप्तता फुटते ती बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर किंवा एखाद्या फोनवर. आपल्या भागात त्याचा सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे स्थळाची चौकशी. मुलगा पोलिसात आहे म्हटल्यावर मुलीकडची मंडळी गडहिंग्लज, चंदगड किंवा कोल्हापुरातून ओळख काढत कार्यालयातल्या आपल्या माणसापर्यंत पोहोचतात. नोकरी पक्की आहे का, कधी निलंबित झाला होता का, कर्ज आहे का, दारूची काही तक्रार आहे का, असे प्रश्न मामा किंवा दाजी अगदी सहज विचारतात आणि त्यामागची काळजी खरी असते. तरीही उत्तर देता येत नाही. ‘मामा, नोकरी आणि पगार उघड आहे, तेवढे सांगतो, बाकीचे मुलालाच कागद दाखवायला सांगा, मी फाइल उघडू शकत नाही,’ असे आदराने आणि स्पष्टपणे सांगावे. पहिल्याच वेळी असे सांगितले की पुढे कोणी पुन्हा विचारत नाही. एकदा सांगून टाकले की मग कोणालाच नाही म्हणता येत नाही.

बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या माणसाला कर्जासाठी कागद हवे असतील, तर ते कर्मचाऱ्याने स्वतः द्यावेत किंवा त्याच्या लेखी संमतीने कार्यालयाने द्यावेत. महाराष्ट्र पोलिसांतील एखाद्या अधिकाऱ्याला इकडच्या कर्मचाऱ्याची माहिती तपासासाठी हवी असेल, तर त्याने आपल्या कार्यालयामार्फत पत्र पाठवायचे असते. सीमेपलीकडच्या बॅचमेटचा फोन हे पत्र नव्हे. पत्रकारांना माहिती देण्याचे काम नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचे आहे. पोलीस दलातील व्यक्तींना पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायदा, १९६६ लागू असून, कर्तव्याचा भाग नसताना वृत्तपत्रांशी संपर्क साधल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लिपिकांसह सर्वांना कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम, २०२१ आहेतच, आणि विनापरवाना कार्यालयीन माहिती देणे हा त्या नियमांचा भंग आहे.

वकील आले तर त्यांच्याशी अतिशय सौजन्याने वागावे, पण फाइल त्यांच्या हाती देऊ नये. एखाद्या खटल्यात पोलीस साक्षीदाराच्या सेवा नोंदी आवश्यक वाटल्या, तर न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार कागद मागवू शकते. असे समन्स आले की ते त्याच दिवशी कार्यालयप्रमुखांपुढे ठेवावे. कागद बंद लखोट्यात न्यायालयाकडेच जातात. राज्यकारभाराशी संबंधित अप्रसिद्ध अभिलेख आणि विश्वासाने झालेला शासकीय पत्रव्यवहार यांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२९ आणि १३० चे संरक्षण मागायचे की नाही, हा निर्णय वरिष्ठांचा आहे, टेबलावरच्या लिपिकाचा नाही.

पाचवी पायरी : माहिती अधिकाराचा अर्ज आला की घड्याळ सुरू होते

हा भाग लिपिकांसाठी सर्वांत महत्त्वाचा. अर्ज मिळाल्याची तारीख आवक शिक्क्यासह घालावी, कारण पुढच्या सगळ्या मुदती तेथून मोजल्या जातात. सर्वसाधारण उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते; जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्जदाराला ‘कशाला हवे’ असे विचारता येत नाही, कलम ६(२) ने ते मना केले आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल, उदाहरणार्थ आयुक्तालयाची फाइल अधीक्षक कार्यालयात मागितली असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवावा.

मागितलेली माहिती एखाद्या कर्मचाऱ्याविषयी असेल, त्याने ती गोपनीय मानलेली असेल आणि जन माहिती अधिकाऱ्याचा (अशा अर्जांवर निर्णय देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा) ती देण्याचा विचार असेल, तर कलम ११ लागू होते. अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या कर्मचाऱ्याला, म्हणजे कायद्याच्या भाषेत त्रयस्थ पक्षाला, लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत तो आपले म्हणणे मांडतो. आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत निर्णय द्यायचा. कर्मचाऱ्याने ‘नको’ म्हटले म्हणजे विषय संपला, असे नाही. त्याचे म्हणणे विचारात घेणे बंधनकारक आहे, मान्य करणे नाही. निर्णय विरुद्ध गेला तर त्यालाही अपिलाचा हक्क आहे आणि तसे कळवणे आवश्यक आहे.

कलम १० प्रमाणे कागदाचा देता येण्याजोगा भाग वेगळा करून द्यायचा असतो आणि येथे हाताचे काम नीट झाले नाही तर सगळी काळजी वाया जाते. मूळ कागदावर कधीही काही खोडू नये. आधी झेरॉक्स काढावी, त्या प्रतीवर पत्ता, केजीआयडी क्रमांक, फोन, वारसाचे नाव, वैद्यकीय तपशील असे भाग काळ्या मार्करने झाकावेत आणि त्या काळ्या केलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच द्यावी. कारण मार्कर मारलेला पहिला कागद उजेडासमोर धरला की खालची अक्षरे सरळ वाचता येतात. संगणकावरच्या फाइलवर नुसता काळा चौकोन ठेवला, तर तो बाजूला सारून मजकूर कॉपी करता येतो. म्हणून अशी फाइल छापून, झाकून, पुन्हा स्कॅन करावी. झेरॉक्स कार्यालयातल्या यंत्रावरच काढावी. समोरच्या दुकानात पाठवली तर बिघडलेल्या प्रती तेथल्या टोपलीत पडून राहतात. शेवटी उत्तरात कोणता भाग कोणत्या कलमाखाली वगळला, याची कारणे लिहावीत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम व मुदत द्यावी. विनाकारण उशीर झाला किंवा वाईट हेतूने माहिती नाकारली, तर दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंतचा दंड जन माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो.

एखाद्या प्रकरणाची चौकशी चालू आहे, एवढ्यावर अर्ज नाकारण्याची सवय काही कार्यालयांत दिसते. भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या डिसेंबर २००७ च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपास चालू असणे हेच कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागते.

सहावी पायरी : कलम ११ ची नोटीस तुमच्या हाती आली तर

घाबरू नका आणि नोटीस खिशात ठेवून विसरूही नका. दहा दिवसांत लेखी उत्तर द्या. ‘माझी वैयक्तिक माहिती आहे, देऊ नये’ एवढे एक वाक्य पुरत नाही. कोणता कागद, त्यातला कोणता भाग आणि तो उघड झाल्यास तुमचे किंवा कुटुंबाचे नेमके काय नुकसान होईल, ते लिहा. अर्जदाराशी जुना वाद असेल, तुम्ही त्याच्याविरुद्धच्या गुन्ह्यात तपासात होता असे असेल, तर गुन्ह्याच्या क्रमांकासह नमूद करा. जो भाग उघड करण्यास तुमची हरकत नाही, तोही सांगा. त्यामुळे उरलेल्या हरकतीला वजन येते. अर्जदाराला फोन करून जाब विचारणे मात्र कटाक्षाने टाळा. त्यातून नवी तक्रार उभी राहते आणि तुमची रास्त हरकतही कमजोर होते.

सातवी पायरी : स्वतःची नोंद मागताना

सर्वांत आधी कार्यालयप्रमुखांकडे साधा विनंती अर्ज करावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रारीच्या निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणजे बेळगावात मराठीतही. माहिती अधिकाराच्या अर्जाची गोष्ट वेगळी आहे. कलम ६(१) इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा सांगते, म्हणून तो अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहावा, जमत नसेल तर हिंदीत लिहावा, आणि ज्याला लिहिताच येत नाही त्याला मदत करण्याचे काम जन माहिती अधिकाऱ्याचे आहे. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असते, शुल्क दहा रुपये. कोल्हापूरकडच्या नातेवाइकाने दिलेले महाराष्ट्राचे कोर्ट फी तिकीट लावू नये. पोस्टल ऑर्डर जोडावी.

आपल्या वार्षिक कार्यमूल्यमापन (गोपनीय) अहवालातील शेरा आपल्याला कळवायचा नाही, ही समजूत जुनी आहे. देव दत्त प्रकरणात १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा चांगली, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शेरा कळला की प्रतिनिवेदनाची, म्हणजे त्यावर आपले म्हणणे लेखी मांडण्याची, मुदत त्या पत्रातच पाहावी.

विभागीय चौकशीत तर कागद मिळणे हा बचावाचाच भाग आहे. दोषारोपपत्रासोबतच्या कागदांची आणि साक्षीदारांच्या जबाबांची यादी पाहून ज्या प्रती मिळाल्या नाहीत, त्यांची पानवार मागणी ताबडतोब लेखी करावी. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षेचा निर्णय होण्यापूर्वी हाती पडला पाहिजे, हे बी. करुणाकर प्रकरणात १ ऑक्टोबर १९९३ रोजी घटनापीठाने ठरवले आहे. या प्रती तुम्हाला बचावासाठी दिलेल्या असतात. त्यांतील साक्षीदारांची नावे किंवा तक्रारदाराचा जबाब गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, हा त्याच विश्वासाचा भंग ठरतो, जो तुम्ही कार्यालयाकडून अपेक्षित धरता.

आठवी पायरी : मोबाइल आणि संगणक

एचआरएमएसचा पासवर्ड कोणालाही देऊ नका, ‘पगारपत्रक काढून देतो’ म्हणणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला तर नाहीच. बदलीचा आदेश ग्रुपवर फिरला तर फारसे बिघडत नाही. रजेच्या अर्जाला जोडलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र फिरले तर बिघडते. लिपिकांनी सेवा पुस्तकाचे पान स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करू नये. घाईत करावेच लागले, तर काम होताच फोनमधून आणि आपोआप प्रत जाते त्या ठिकाणाहूनही ते काढून टाकावे.

नोंद फुटली किंवा हक्काची नोंद नाकारली गेली, तर

नोंद फुटल्याचे कळताच कोणता कागद, कोणाच्या हाती, कोणत्या तारखेला दिसला, हे लिहून कार्यालयप्रमुखांना द्यावे आणि पोच घ्यावी. स्क्रीनशॉट असेल तर तारीख दिसेल असा जपून ठेवावा. माहिती अधिकारात नकार मिळाला, तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठ अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि तेथून ९० दिवसांत दुसरे अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे करता येते. सेवेविषयीचा अन्याय, उदाहरणार्थ न कळवलेल्या शेऱ्यावरून रोखलेली बढती किंवा अहवाल न देता झालेली शिक्षा, असेल तर कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते आणि त्याचे खंडपीठ बेळगावातच आहे. त्यानंतरचा टप्पा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचा. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत अपिलाची वाट पूर्ण झालेली असावी लागते, म्हणून प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली प्रत, टपालाची पावती आणि मिळालेले उत्तर तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये घरी लावत जावे.